थ्रिलरच्या पहिल्या २ मिनिटांचा साउंड कसा प्लॅन करायचा? (स्टुडंट फिल्म, डायलॉग फक्त एक)

पहिलाकट:

नमस्कार. मी फिल्मच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा ५ जणांचा ग्रुप आहे आणि आम्हाला एका थ्रिलरचं फक्त ओपनिंग करायचंय, २ मिनिटं, टायटल धरून. साउंड मी मागून घेतलाय कारण मला पुढे त्यातच काम करायचंय.

सीन सांगते. रात्र. एक मुलगी घरी येते, किल्ली लावायला जाते तर दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. ती "आई?" म्हणून हाक मारते (एवढाच डायलॉग), उत्तर येत नाही. स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये येते, टोकाला एक बंद खोली आहे. ती आईला कॉल लावते आणि फोन त्या बंद खोलीतच वाजायला लागतो. ती दाराच्या दिशेने दोन पावलं टाकते तेवढ्यात आतून कोणीतरी कॉल कट करतं. काळी स्क्रीन, टायटल.

आम्ही मोबाइलवर टेस्ट शूट करून रफ कट लावला. मी त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक डाउनलोड केलेला ड्रोन (सलग घुमत राहणारा खालचा सूर) टाकला, मध्ये रायझर (चढत जाणारा आवाज), शेवटी हृदयाचे ठोके. हेडफोनवर मला स्वतःला भारी वाटलं होतं. वर्गात दाखवलं तर कोणालाच काही झालं नाही, ड्रोन तर लॅपटॉपवर ऐकूच आला नाही, आणि सरांनी एकच प्रश्न विचारला की "यात घर कुठे ऐकू येतंय?" तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे.

खरं शूट ३ आठवड्यांनी आहे. एक हातात धरायचा रेकॉर्डर आणि एक साधा शॉटगन माइक (समोरचाच आवाज जास्त पकडणारा लांबट माइक) मिळणार आहे. तर सुरुवात कुठून करू, म्युझिक पूर्ण काढून टाकू का, पावलं-किल्ल्या वगैरे शूटच्या वेळीच घ्यायचे की नंतर, आणि बंद दाराआडचा फोन खराखुरा कसा वाटेल? एकदम खूप विचारलंय पण जमेल त्याचं उत्तर द्या प्लीज.

टाइमलाइनवर:

तुझ्या सरांनी नेमकं बोट ठेवलंय. ड्रोन पहिल्या सेकंदापासून वाजतोय म्हणजे पहिल्या सेकंदालाच तू सांगून टाकलंस की इथे काहीतरी वाईट होणार आहे, मग पुढची २ मिनिटं प्रेक्षकाला शोधायला काही उरलंच नाही. हे घर रोज कसं ऐकू येतं ते आधी त्याच्या कानावर पडू दे. नेहमीचं काय ते माहीत झालं तरच त्यातलं काही गेलेलं कळतं.

उदाहरण घे फ्रिजचं. फ्रिज चालू असतो तेव्हा तो आपल्याला ऐकूच येत नाही, पण कॉम्प्रेसर बंद होताना तो शेवटचा एक हिसका देतो, आतल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणतात आणि एकदम लक्षात येतं की इतका वेळ काहीतरी वाजत होतं. तुझी मुलगी स्वयंपाकघरातून जातेच आहे. ती हाक मारते तेव्हा फ्रिज चालू असू दे, आणि उत्तराची वाट बघत असताना तो बंद होऊ दे. मग जी शांतता येईल ती एका नवीन आवाजाची भर न घालता येईल आणि प्रेक्षक आपोआप कान टवकारून बसेल. तिथून पुढे लांबच्या खोलीत कपडा घासल्याएवढा आवाजसुद्धा पुरतो.

आता कागदावर काय करायचं. आडवी रेघ मार, १२० सेकंदांची, आणि तिच्याखाली चार पट्ट्या आखून घे. एक बाहेरच्या जगाची (किडे, लांबची गाडी), एक घराची (फ्रिज, नळ, घड्याळ असलं तर घड्याळ), एक मुलीची (पावलं, श्वास, किल्ल्या, कपडे) आणि एक 'त्या'ची, म्हणजे खोलीत जो कोण आहे त्याची. ही शेवटची पट्टी जवळजवळ रिकामी राहिली पाहिजे. मग प्रत्येक पट्टीवर कुठे सुरू, कुठे बंद ते लिही. मी अजूनही प्रत्येक कामाला हेच करतो, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी.

आणि कान कोणाचे ते एकदा ठरव. तिचेच असतील तर तिला जे ऐकू येत नाही ते आपल्यालाही ऐकू यायला नको. ती मागे दार लोटते तेव्हा बाहेरचे किडे बंद झाले पाहिजेत. ती घाबरते तसा तिचा श्वास तिलाच मोठा वाटायला लागतो, तो वाढवता येईल, पण हळूहळू. हृदयाचे ठोके मात्र काढून टाक. ते ऐकल्यावर प्रेक्षकाला कोणीतरी "घाबर आता" असं सांगतंय असंच वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही रेघ शूटच्या आधी डायरेक्टरला दाखव. शांततेला वेळ लागतो. फ्रिज बंद पडून कान त्या शांततेत स्थिरावायला ४-५ सेकंद जातात आणि शॉटच ३ सेकंदांचा असेल तर एडिटला तू काहीही करू शकत नाहीस. साउंडवाल्याने लांब शॉट मागायची वेळ हीच आहे, नंतर नाही.

बूमवाला:

वरचं सगळं पटलं, पण फ्रिजबद्दल एक गोष्ट नाही सांगितली तर घोटाळा होईल: शूटच्या वेळी फ्रिज बंदच ठेवायचा. चालू ठेवला तर प्रत्येक टेकमध्ये त्याची घरघर वेगळ्या जागी, वेगळ्या जोरात येणार आणि कट मारला की आवाज उडी मारणार. फ्रिज स्वतंत्र रेकॉर्ड करायचा आणि नंतर सलग खाली अंथरायचा. बंद केल्यावर गाडीची किंवा घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्यायची म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. ही युक्ती लोकेशन साउंडवाले खरंच वापरतात.

रूम टोन, म्हणजे कोणी बोलत-हलत नसताना त्या जागेचा स्वतःचा आवाज. हे मी कळकळीने सांगतोय कारण आमच्या पहिल्या फिल्मला आम्ही तो घेतलाच नव्हता. रात्रीचे अडीच वाजलेले, सगळे दमलेले, कोणीतरी पॅकअप म्हणालं आणि निघालो. एडिटला बसल्यावर "आई गं" आणि पुढच्या वाक्याच्या मध्ये दीड सेकंदाचं भोक, तिथे भरायला काहीच नाही. दुसऱ्या टेकमधला तुकडा लावला तर त्यात लाइटची वेगळी गुणगुण. शेवटी तो अख्खा सीन डब केला आणि तो अजूनही डब केलेला वाटतो. म्हणून प्रत्येक जागेत, म्हणजे दाराबाहेर, स्वयंपाकघरात, पॅसेजमध्ये, त्या बंद खोलीत, किमान १ मिनिट. सगळी माणसं आतच हवीत, लाइट तेच, माइक त्याच जागी, कोणी हलायचं नाही. माणसं बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो.

रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. डायलॉगचे सगळ्यात वरचे टोक साधारण -१२ डीबीच्या आसपास ठेव (शून्याच्या वर आवाज फाटतो), हाक मारताना थोडं वर गेलं तरी जागा उरते. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही, हळू आलेला वर घेता येतो. ऑटो लेव्हल असेल तर बंद कर, नाहीतर शांततेत तो रेकॉर्डर स्वतःहून आवाज वाढवत बसतो आणि तुझ्या फिल्मची सगळी मजा तर शांततेतच आहे. माइक जवळ ने. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने पडतो आणि खोलीत तर त्याच्या जोडीला भिंतींचा घुमारा वाढतो तो वेगळाच. कॅमेऱ्यावर माइक लावून पॅसेज शूट करू नकोस.

सगळ्यांचे मोबाइल फ्लाइट मोडवर, हे फोनच्या सीनमध्ये विसरलं जातं. आणि शूट संपल्यावर अर्धा तास फक्त तुझा मागून घे: कडी, किल्ली, दार लोटणं, दार लागणं, स्विच, प्रत्येक ५-५ वेळा, हळू आणि जोरात, त्याच घरात. हा अर्धा तास शेड्यूलमध्ये लिहून घे. तोंडी ठरलेलं त्या दिवशी कोणी देत नाही.

सातवा_सूर:

म्युझिक पूर्ण काढून टाक असं कोणी स्पष्ट म्हटलं नाहीये पण सूर तसाच लागतोय म्हणून लिहितोय. मी म्युझिकवाला आहे, तरी तुझ्या सीनमध्ये पहिली दीड मिनिटं म्युझिक नसावं हे मलाही मान्य आहे. हिचकॉकच्या १९६३ सालच्या 'द बर्ड्स'मध्ये नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाहीच, पण पक्ष्यांचे कित्येक आवाज ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेले आहेत. म्हणजे संगीत रचावं तसेच ते आवाज रचलेत.

तुझ्याकडे एक सूर सीनमध्येच आहे ना! रिंगटोन! तो तयार असलेला घेऊ नकोस, स्वतः कर. चारच सूर, साधे, अगदी निरागस, एखाद्या आईच्या फोनवर असतील असे. फ्रित्झ लांगच्या १९३१ च्या 'एम'मध्ये खुनी ग्रीग या संगीतकाराची एक धून शिट्टीवर वाजवत असतो, आणि नंतर नंतर तो पडद्यावर नसला तरी नुसती शिट्टी आली की अंगावर काटा येतो. तुला २ मिनिटांत तेवढं जमणार नाही, पण एवढं जमेल: कॉल कट होतो तेव्हा रिंगटोन चौथ्या सुराच्या आधी, तिसऱ्यावर तुटू दे. काळ्या स्क्रीनवर टायटल येताना तोच राहिलेला चौथा सूर खूप खाली, खूप ताणून येऊ दे. तेवढंच तुझं पार्श्वसंगीत. आणि कॉपीराइटचा प्रश्नही मिटला.

टाइमलाइनवर:

@सातवा_सूर चौथा सूर टायटलवर! हे मला सुचलं नसतं. पहिलाकट, हे करच.

त्यावरून अजून एक. कॉल लावल्यावर तिच्या कानात जी रिंग वाजते ती नेटवर्ककडून येते, समोरच्या फोनच्या रिंगटोनशी तिची लय जुळलेली नसते. म्हणजे तिच्या कानात ट्रिंग, मग गॅप, आणि त्या गॅपमध्ये लांबून दारामागे रिंगटोन. हे दोन्ही आवाज मुद्दाम एकमेकांच्या मध्ये मध्ये ठेव. कट होताना आधी दारामागचा आवाज तोडायचा आणि कानातली रिंग क्षणभर जास्त चालू ठेवायची, मग तीही बंद. तो जो मधला अर्धा सेकंद आहे ना, फोन अजून वाजतोय असं कान सांगतोय आणि खोली गप्प झालीय, त्याच्यासाठी तुझे आधीचे ११५ सेकंद आहेत.

पहिलाकट:

वाचून दोन दिवस झाले, हे सगळं मी वहीत उतरवून काढलंय. मनापासून आभार सगळ्यांचे.

आत्ता रेघ अशी झालीय. ० ते २० बाहेर, किडे, एक गाडी लांब जाते, किल्ल्यांचा जुडगा. २० ला ती दाराला हात लावते आणि किल्ली फिरायचा आवाज येतच नाही, दार नुसतं सरकतं (इथे मी आधी करकर टाकली होती, ती काढली). ३० ला दार मागे लोटलं, किडे बंद, फ्रिज आणि नळाचा थेंब. ४२ ला हाक. ४७ ला फ्रिज बंद पडतो. ४७ ते ६० फक्त थेंब आणि तिचा श्वास. ६० नंतर पॅसेज, पावलं. ८५ ला कॉल. ११० ला कट. मग टायटल. 'त्या'च्या पट्टीवर एकच खूण आहे, ७२ ला, कपड्याची सळसळ, आणि तीपण ठेवू की नको असं चाललंय.

अडलंय ते पावलांवर. टेस्टमध्ये मी नेटवरची पावलं लावली तर ती कोणा दुसऱ्याचीच वाटतात. आणि बंद दाराआडचा फोन मी इक्यूने (आवाजातल्या वरच्या-खालच्या पट्ट्या कमी-जास्त करायचं साधन) वरचे आवाज कापून केला तर तो उशीखाली ठेवल्यासारखा येतोय.

पायरव:

पावलांसाठीच इथे आले बघ. मी फोली करते, म्हणजे कट झालेला सीन बघत पावलं, कपडे वगैरेंचे आवाज नव्याने करून रेकॉर्ड करते.

नेटवरची पावलं दुसऱ्याची वाटतात कारण ती दुसऱ्याचीच असतात गं! वजन वेगळं, बूट वेगळे, आणि मुख्य म्हणजे मनात काही नसताना टाकलेली असतात. घाबरलेलं माणूस टाच आधी टेकवत नाही. ते चवड्यावर पाऊल ठेवतं, मग वजन सोडतं, त्यामुळे प्रत्येक पावलाचे दोन आवाज येतात, एक टेकण्याचा आणि एक फरशीवर भार आल्याचा. कट झालेला सीन समोर लाव, तिचेच बूट घाल (शूट संपलं की ते मागून घे, परत मिळत नाहीत), आणि तिच्याबरोबर चाल. पाय बघू नकोस, तिचे खांदे बघ, पाऊल कधी पडणार ते खांद्यांवरून आधी कळतं. सिंक (चित्र आणि आवाजाचा मेळ) एखाद्या फ्रेमने हुकलं तर घाबरू नकोस, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, सरकवता येतं. पण चालीतला अर्थ चुकला तर तो सरकवून दुरुस्त होत नाही.

माइक पायाला चिकटवून ठेवू नको, थोडा लांब, गुडघ्याच्या उंचीवर ठेवून बघ. जमलं तर त्याच पॅसेजमध्ये कर. नाही जमलं तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, जाड पांघरुणं टांगून, आणि घुमारा नंतर दे. कपड्यांचा वेगळा पास घे, म्हणजे सीन पुन्हा लावून फक्त कपड्यांचे आवाज रेकॉर्ड कर, जॅकेटची बाही आणि बॅगचा पट्टा. हा पास सगळे गाळतात आणि मग माणूस अधांतरी चालल्यासारखं वाटतं. आणि सगळी पावलं सारखी मोठी ठेवू नकोस. फ्रिज बंद झाल्यानंतरचं पहिलं पाऊल मोठं, कारण तिला स्वतःलाच ते मोठं वाटणार. पुढची दोन जवळजवळ नाहीतच.

आता फोन. इक्यू विसर. तुझा तो चार सुरांचा रिंगटोन खऱ्या मोबाइलवर टाक, मोबाइल त्या खऱ्या खोलीत लाकडी टेबलावर ठेव, दार लाव आणि पॅसेजमधून रेकॉर्ड कर. व्हायब्रेट पण चालू ठेव. दार नुसते वरचे आवाज अडवत नाही, दाराखालच्या फटीतून बराच आवाज तसाच्या तसा बाहेर येतो, भिंतीवर आपटून येतो, टेबलाची थरथर फरशीतून येते. हे सगळं इक्यूत कसं येणार? तीन जागांवरून घे: पॅसेजच्या सुरुवातीला, मध्यावर, आणि तिच्या शेवटच्या दोन पावलांसाठी माइक खाली, फटीच्या उंचीवर.

७२ ची सळसळ ठेव. पण इतकी हळू की वर्गातल्या निम्म्या लोकांनी शेजारच्याला "ऐकलंस का?" विचारलं पाहिजे.

टाइमलाइनवर:

मिक्सबद्दल थोडं, कारण वर्गातला तो ड्रोन अजून आठवतोय. आपल्याला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं पण कान सगळ्यात तीक्ष्ण असतो २,००० ते ५,००० च्या पट्ट्यात. लॅपटॉप-मोबाइलचे छोटे स्पीकर खालचा बास जवळजवळ देतच नाहीत, त्यामुळे ४०-५० हर्ट्झचा ड्रोन हेडफोनमध्ये छातीवर बसतो आणि तिथे गायब होतो. तुझे थेंब, किल्ल्या, रिंगटोन वरच्या पट्ट्यातले आहेत, ते सगळीकडे पोचतील. टायटलचा तो खालचा सूर मात्र जपून, त्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित विकृत करणारा इफेक्ट) दे, म्हणजे त्यातून तयार होणाऱ्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे त्याच सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांमुळे, छोट्या स्पीकरवरही तो असल्याचं कानाला कळतं.

४७ नंतरची शांतता म्हणजे शून्य आवाज करू नकोस. ट्रॅक पूर्ण रिकामा झाला की लोक प्रोजेक्टरकडे वळून बघतात, स्पीकर गेला की काय म्हणून. खाली रूम टोन राहू दे.

नेटवर टाकणार असशील तर यूट्यूब त्याहून मोठा आवाज साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली आणतं, पण तो आकडा गाठायला सगळं वर ढकलू नकोस, तुझी फिल्म हळू आहे, हळूच राहू दे. फक्त ट्रू पीक (आवाजाचं खरं सगळ्यात वरचं टोक) -१ डीबीच्या वर जाऊ देऊ नकोस. जिथे दाखवणार त्याच वर्गात एकदा चालवून मागच्या बाकावर बसून ऐक. किडे किंवा गाडी फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवरून घेतलीस तर प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं, सीसी झिरो (कोणतीही अट नसलेलं) असेल तर प्रश्न नाही, बाकीच्यांत नाव द्यावं लागतं किंवा व्यावसायिक वापर चालत नाही. डाउनलोड करतानाच वहीत लिहून ठेव.

पहिलाकट:

ताई, खांद्यांचं वाचून लगेच मैत्रिणीला चालायला लावलं. खरंच आधी खांदा हलतो.

काल फ्रिज रेकॉर्ड केला. बंद पडायची वाट बघत मी आणि कॅमेऱ्यावाला मुलगा स्वयंपाकघराच्या फरशीवर हेडफोन लावून बसलो होतो, चाळीसएक मिनिटं गेली असतील, बोलायचं नाही, हलायचं नाही. मग तो हिसका आला, बाटल्या वाजल्या, आणि त्याच्यानंतर ट्यूबची एक बारीक पिनपिन ऐकू आली जी आम्हाला दोघांनाही आधी माहीतच नव्हती. ती पण १ मिनिट घेतली.

रेघ डायरेक्टरला दाखवली. आधी नको म्हणाला, मग मी त्याला फक्त ती फाइल ऐकवली, डोळे मिटून. ४७ नंतरचा शॉट ४ सेकंदांचा होता, तो त्याने ११ केलाय. शूट शनिवारी. अर्धा तास शेड्यूलमध्ये लिहून घेतलाय.